दिवे लावले की खरखर

६ नोव्हेंबर

ताईस,

ऑगस्टनंतर पत्र नाही म्हणून रागावली असशील. कामच तसं होतं. आम्ही दोघं बरे आहोत.

एक कामाचं विचारायचं आहे. तू हिवाळ्यात इथे कधी आली नाहीस, म्हणून नीट सांगतो. आमच्याकडे धक्का नाही. होडी परतली की मी ट्रॅक्टर आणि मागची गाडी मागे मागे घेत पाण्यात नेतो, चाकं अर्धी बुडेपर्यंत. होडी गाडीवर चढते, मग ओढून वर वाळूत आणतो. सोसायटीच्या सहा होड्या आहेत, सगळ्या याच ट्रॅक्टरवर. धुकं असलं की सकाळी नऊपर्यंत हात समोर धरला तर दिसत नाही. तेव्हा मी दिवे लावून काठावर उभा राहतो आणि होड्या त्या उजेडावर येतात. केबिनमध्ये वायरलेस सेट आहे, होड्यांवरही आहेत. मोबाइलला इथे रेंज नाही, हे तुला माहीत आहे.

जुलैत आम्ही जुने पिवळे बल्ब काढून छतावर चार एलईडी दिवे बसवले. उजेड तिप्पट झाला. पण दिवे लावले की सेट खरखरायला लागतो. बंद केले की गप्प. हे कशामुळे होतं आणि कमी कसं करायचं, ते कळव. साध्या शब्दांत लिही, मला दहावीपुरतंच विज्ञान येतं.

आणि एक. अशा खरखरीत लांबच्या माणसाचा आवाज पूर्ण बुडतो का? की नीट कान दिला तर थोडा तरी कळतो?

सवडीने लिही, घाई नाही.

तुझा,
भोंगा


१३ नोव्हेंबर

भोंग्या,

तुझं अक्षर पाहून आधी वाटलं कुणीतरी दुसऱ्यानेच लिहिलंय. एवढं सरळ कधीपासून लिहायला लागलास? लहानपणी तू गल्लीच्या तोंडाशी हाक मारलीस की आई चूल सोडून बाहेर यायची, म्हणून तुझं नाव भोंगा पडलं. आता पत्रात तुझा आवाजच नाही.

अखेर दिवे लावलेसच तर. असो, ऐक.

एलईडी म्हणजे नुसता दिवा नसतो. त्याच्या पाठीत एक लहान सर्किट असतं. ते बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा तोडतं आणि जोडतं. जुना बल्ब बिचारा मिळेल तो करंट घेऊन जळायचा. ही तोडजोड बाहेर पडू नये म्हणून चांगल्या दिव्यात फिल्टर घालतात, स्वस्त दिव्यात नेमका तोच वाचवतात. मग ती सगळी घाण वायरीत उतरते, आणि छतावरून खाली येणारी ती लांब वायर एरियलसारखी वागते. तुझा सेट इमानदार आहे, जे कानावर पडतं ते ऐकवतो.

आधी तपासून बघ. इंजिन बंद ठेव, फक्त दिवे लाव. खरखर राहिली तर दोष दिव्यांचा, गेली तर डायनॅमोचा. मग एकेक दिवा काढून बघ, कुठला जास्त त्रास देतो. मग सेटच्या एरियलची वायर काढ. खरखर कमी झाली तर ती हवेतून येते आहे, तशीच राहिली तर सेटच्या वीजपुरवठ्यातून.

सोबत पार्सलने फेराइटच्या आठ रिंगा पाठवते. काळ्या दगडाच्या बांगड्यांसारख्या दिसतात. प्रत्येक दिव्याच्या दोन्ही वायरी मिळून एका रिंगेतून तीन वेळा ओवून घे, दिव्यापासून चार बोटांवर. लांब बसवलीस तर उपयोग नाही.

लांबच्या आवाजाचं विचारलंस. बुडतो. जवळची होडी ऐकू येईल, मैलभर लांबची येणार नाही, कितीही कान दे. तुझ्या सासरेबुवांना विचार. चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी हाकली त्यांनी, ते सांगतील कुठून कुठपर्यंत ऐकू येतं ते. त्यांना माझा नमस्कार सांग. माझ्या दुकानात येऊन ते तासभरात तीन शब्द बोलले होते, ते अजून लक्षात आहेत.

ऑगस्टच्या तुझ्या पत्राला मी एक कार्ड खरडलं होतं. तेव्हा दुकान हलवायची धांदल होती, काय लिहिलं तेही आठवत नाही. म्हणून आता एवढं मोठं लिहिलं.

ताई


२१ नोव्हेंबर

ताईस,

पार्सल मिळालं. तू सांगितलंस तसं तीन सकाळी बसून तपासलं.

इंजिन बंद, दिवे चालू: खरखर तशीच. एरियल काढली: बरीच कमी, पण पूर्ण गेली नाही. उजव्या बाजूचे दोन दिवे सगळ्यात वाईट, एरियल त्यांच्यापासून हातभर अंतरावर आहे. रिंगा बसवल्या. मग सासऱ्यांच्या खलाशाला मैलभर आत नांगरलेल्या होडीवर बसवलं आणि एक ते वीस आकडे म्हणायला लावले. कुबडी वल्ह्याला टेकवून बसला बिचारा, तासभर आकडेच म्हणत होता. रिंगांच्या आधी दिवे लावून एकही आकडा ऐकू आला नाही. रिंगा बसवल्यावर वीसपैकी नऊ कळले. दिवे बंद केल्यावर वीसच्या वीस.

नऊ पुरत नाहीत. पुढे काय करू?

आणि मला हे नक्की सांग. माणूस एकच गोष्ट तीनदा बोलला, तर त्या तीनांतून एकदा तरी ऐकू यायला हवं होतं का?

सासरे हल्ली समुद्रावर जात नाहीत. नमस्कार सांगितला असं समज.

भोंगा


२९ नोव्हेंबर

भोंग्या,

पुढचं काम आधी लिहिते, मग बाकीचं.

दिव्यांची परतीची वायर तुम्ही ट्रॅक्टरच्या पत्र्यालाच टेकवली असणार, सगळे तेच करतात. ते तोड. प्रत्येक दिव्याला जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी दे, आणि दोन्ही वेणीसारख्या एकमेकींवर गुंडाळत ने. गुंडाळल्या की एकीची घाण दुसरी मारते. सेटला वीज थेट बॅटरीवरून दे, वेगळा फ्यूज लावून, दिव्यांच्या खटक्यावरून नाही. एरियल छतावरून काढ आणि पुढे बॉनेटच्या टोकाला लाव. जिथे बसवशील तिथला रंग खरवडून धातू उघडा कर, तरच तिला अर्थिंग मिळेल. एवढं करून पंधराच्या वर आकडे आले नाहीत तर ते दिवे भंगारात दे. फिल्टरवाले दिवे मिळतात, मी बघून ठेवते. तोवर एक नियम कर: बोलायचं असेल तेव्हा दिवे विझवायचे, ऐकायचं, मग लावायचे.

आता बाकीचं. खलाशाला कुबडी कशासाठी? मागच्या वर्षी मी त्याला वाळूत फुटबॉल खेळताना पाहिलंय. तुझे सासरे चाळीस वर्षं रोज समुद्रावर गेले आणि 'हल्ली' जात नाहीत, म्हणजे काय? 'ऐकू यायला हवं होतं का' असं कोण विचारतं? माझ्याकडे सेट दुरुस्तीला आणणारे लोक 'ऐकू येईल का' विचारतात.

मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. तुझे सगळे बहाणे मला तोंडपाठ आहेत. काय झालं ते लिही.

ताई


८ डिसेंबर

ताई,

सासरे गेले. एकोणीस ऑक्टोबरला. तुला कळवलं नाही. कळवायला बसलो की पहिल्या ओळीनंतर दुसरी काय लिहायची तेच कळायचं नाही.

त्या सकाळी धुकं होतं. सासरे आणि खलाशी दोघंच गेले होते. मी नेहमी ओढ्याच्या तोंडाच्या डाव्या हाताला उभा राहतो, तिथे खाली नुसती वाळू आहे. आदल्या दिवशी भरतीने ती जागा खचली होती, ट्रॅक्टरचं चाक रुतायला लागलं. म्हणून मी ओढा ओलांडून उजव्या हाताला दोनशे पावलांवर गेलो. सेटवर सांगितलं, "आज उजवीकडे उभा आहे, ओढ्याच्या पलीकडे. खडक डाव्या हाताला ठेवून लांबून फिरून या." एकदा सांगितलं. दिवे लावले.

उत्तर आलं नाही. सासऱ्यांचं उत्तर कधीच नसायचं. फार तर बोलायचं बटण दोनदा दाबायचे, इकडे टक टक वाजायचं, म्हणजे समजलं. ते टक टकही आलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण दोन महिने ते येतच नव्हतं. मी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

नंतर खलाशाने सांगितलं. मी बोललो तेव्हा तिकडे लाटांच्या आवाजात त्यांना 'उभा आहे' एवढंच कळलं. सासऱ्यांना शंका आली. ते सेटवर म्हणाले, "कुठे उभा आहेस ते पुन्हा सांग." थांबले. पुन्हा तेच म्हणाले. मग तिसऱ्यांदा. खलाशी सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओरडताना ऐकलं. मग धुक्यात माझे दिवे दिसले, लख्ख. ते म्हणाले, "आहे रे, दिसला. नेहमीच्या जागीच आहे." आणि सरळ उजेडावर होडी घातली. मधे खडक.

मला लाकूड फुटल्याचा आवाज आला. कानाने, सेटवर नाही. खलाशाला मी पाण्यातून ओढला, त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. सासरे तिसऱ्या दिवशी सापडले.

आता खरं सांगतो. हीसुद्धा विचारते, "बाबांनी विचारलं असणारच. तुम्ही होतात कुठे?" मी म्हणतो, सेट खरखरत होता. लोकांनाही तेच सांगितलं. सेट खरखरत असता तर बरं झालं असतं. तो गप्प होता. खरखरीने डोकं उठायचं म्हणून मी ऑगस्टमध्येच ते आवाज अडवायचं बटण पिळून ठेवलं होतं, अगदी शेवटपर्यंत. खरखर मेली. मला वाटलं सेट सुधारला. त्याबरोबर लांबचं सगळंच मेलं होतं, याची शंका खलाशाचं ऐकूनच आली होती, तुझ्या रिंगा बसवताना खात्री झाली.

तू गमतीत लिहिलंस, 'दिवे लावलेसच'. ते पत्र आधी हिच्या हातात पडलं होतं. तिने वाचलं, घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

वीस तारखेला सोसायटीची बैठक आहे, चौकशीची. चार बाहेरची माणसं येणार आहेत. मी सांगणार आहे की बटण मी पिळलं. हिला त्याच्या आधी सांगायचं की तिथेच कळू द्यायचं, ठरत नाही.

तू सांगितलेलं सगळं केलं. वेणी घातली, एरियल पुढे नेली, सेटला थेट बॅटरीवरून वीज दिली. खलाशी परत होडीत बसला. वीसपैकी अठरा.

भोंगा


१५ डिसेंबर

भोंग्या,

तुझं पत्र दुकानात उघडलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला उद्या ये म्हणून घालवलं आणि शटर ओढून घेतलं.

'बटण पिळून ठेवलं.' हे तुझे शब्द नाहीत. तू बटण फिरवतोस, दाबतोस. पिळते मी. दुकानात कुणी खरखरीची तक्रार घेऊन आला आणि हातात वेळ नसला की मी म्हणते, 'बटण पिळा, खरखर मरते.' शहरात चालून जातं. इथे लांबचं कुणी नसतं, सगळे एकमेकांच्या छपरावरून बोलतात.

ऑगस्टच्या कार्डावर मी हेच लिहिलं होतं. आता आठवतंय. टेम्पोत सामान भरत होते, टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं. तुझं पत्र चार पानी होतं, मी त्यातलं एक पान वाचलं असेन. तू समुद्रावर आहेस, लांबचं ऐकणं हेच तुझं काम आहे, हे मला माहीत होतं. विचार केला नाही. तीस वर्षं हा धंदा करते. ते बटण म्हणजे दाराची कडी आहे, घट्ट लावली की चोराबरोबर घरचा माणूसही बाहेर राहतो, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

तू तीन पत्रं लिहिलीस आणि कार्डाचा शब्द काढला नाहीस. नव्याने विचारल्यासारखं विचारलंस. मला वाचवत होतास. मी तुझी मोठी बहीण, आणि तू माझ्यापासून माझीच चूक लपवत होतास, तीही मी सांगितलेल्या तपासणीची टिपणं पाठवता पाठवता.

ते कार्ड बैठकीत दाखव. माझं नाव, माझं दुकान, सगळं सांग. तू अडाणीपणाने बटण फिरवलं नाहीस, जाणत्या माणसाला विचारून फिरवलंस. दोष कमी होणार नाही, पण ज्याचा त्याच्याकडे जाईल.

वहिनींना तुझ्या तोंडून आधी कळू दे. बैठकीत चार परक्यांसमोर नको. मी त्यांना वेगळं पत्र याच टपालाने टाकते आहे. त्यात सगळं लिहिलं आहे. माफी मागायची कशी ते मला कळलं नाही, म्हणून जे झालं ते लिहिलं.

मी येऊ का? तू म्हणशील तेव्हा निघते.

ताई


४ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र अठराला आलं. ह्यांनी मला सतरालाच सांगितलं होतं, संध्याकाळी, भांडी घासताना. पण तुमच्या कार्डाचं नाही सांगितलं. तुमचं पत्र वाचून मी विचारलं, "कार्ड कुठे आहे?" म्हणाले, "कसलं कार्ड?" मग म्हणाले, फाडून टाकलं, बाबा सापडले त्याच दिवशी.

म्हणजे सगळ्या गावाने बाबांना समुद्रात शोधलं आणि हे घरी येऊन तुमचं कार्ड फाडत होते. मला राग बटणाचा नाही आला, तेवढा ह्याचा आला. तुम्ही बहीण-भावांनी एकमेकांना जपलंत. चांगली गोष्ट आहे. माझे बाबा तीनदा विचारत होते, त्यांना कुणी जपलं?

मी लिहिलेलं कठोर वाटेल. वाटू दे.

बैठकीत ह्यांनी सगळं कबूल केलं. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं, स्वतः उभं राहून. बाहेरून आलेल्या माणसांनी वहीत लिहून घेतलं आणि ह्यांना ट्रॅक्टरवरून काढलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. खलाशाने उठून सांगितलं की मला ह्यानेच बाहेर काढला.

नवा ड्रायव्हर सोसायटीने तेवीसला ठेवला. चांगला माणूस आहे, तीन मुलांचा बाप. बैठकीत तो पहिल्या रांगेत बसला होता, सगळं त्याच्या कानावर पडलं होतं. सत्तावीसला धुकं होतं म्हणून मी काठावर गेले. का गेले माहीत नाही, पाय वळले. दिवे लावलेले होते. आता खरखर फार नाही, थोडी असते. मी केबिनशी जाऊन कान दिला तर सेट एकदम गप्प. आत हात घालून बघितलं. बटण पिळलेलं, शेवटपर्यंत.

मी विचारलं, "हे कुणी केलं?"

तो म्हणाला, "मीच. थोडी कटकट होती कानाला. आता दिवे दुरुस्त केलेत ना?"

मी बटण परत सोडलं आणि तिथेच उभी राहिले, सगळ्या होड्या वर येईपर्यंत. थंडीने दात वाजत होते. तो खाली उतरून माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, पाया नको पडू, ऐक.

त्या दिवशी मला कळलं की हे आमच्या घरापुरतं नाही. किनाऱ्याने वर-खाली एकवीस गावं आहेत, प्रत्येकाचा ट्रॅक्टर, प्रत्येकाने स्वस्त दिवे बसवलेत, आणि खरखर कुणालाच सहन होत नाही. चार गावं मी पायी फिरून आले. चारपैकी तीन ठिकाणी बटण पिळलेलं होतं. एका ठिकाणचा म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, हल्ली समुद्रावर सगळे फार शांत असतात.

तुम्ही येऊ का म्हणून ह्यांना विचारलंत. येऊ नका. आलात तर मला चहा करावा लागेल, आणि तुमच्यासमोर बसावं लागेल. ते मला अजून जमणार नाही.

काम सांगते ते करा. दिवे कसे तपासायचे, रिंगा कुठे बसवायच्या, वायरींना वेणी कशी घालायची, एरियल कुठे लावायची, हे सगळं एका कागदावर लिहून पाठवा. ह्यांना लिहिलंत तसंच, साधं. बटणाचं सगळ्यात वर लिहा, मोठ्या अक्षरात, आणि ते का पिळायचं नाही तेही लिहा. बाबांचं लिहायला हरकत नाही. नाव नको, 'एक तांडेल' म्हणा. रिंगा दीडशे तरी लागतील. त्या तुम्ही द्याल, मी विचारत नाही.

हे माझ्याबरोबर येतात. पिशवी धरतात, वर चढून वायरी सोडवतात, एकेक दिवा लावून विझवून दाखवतात. ड्रायव्हर लोकांशी मी बोलते. घरी आमचं बोलणं होत नाही. ट्रॅक्टरवर होतं, कामापुरतं. "पक्कड द्या." "इथला रंग खरवडा." "ऐकू येतंय का?" एवढंच. परवा एका गावात सगळं जोडून झाल्यावर होडीवरून आकडे यायला लागले तेव्हा हे केबिनमध्ये बसून होते. वीस झाले तरी उतरेनात. मी वर चढून पाहिलं तर दोन्ही हात सेटवर ठेवून रडत होते. मी खाली उतरले आणि त्यांचं होईपर्यंत थांबले. जवळ जाववलं नाही, सोडून जाववलंही नाही.

कागद लवकर पाठवा. फेब्रुवारीपर्यंत धुकं राहील.

आणि पत्रात मला सध्या वहिनी लिहू नका. नुसतं काम लिहा. लिहावंसं वाटेल तेव्हा मीच सांगेन.